तंजावर: देवळाच्या वेळा, जेवणाच्या वेळा

तंजावरला जाणाऱ्याने आपलं घड्याळ तिथल्या देवळांच्या वेळेला लावून घ्यावं. दुपारी साधारण साडेबाराला दारं बंद होतात ती चारला उघडतात. हे ठाऊक नसलं की माणूस आरामात आवरून अकराला बाहेर पडतो, तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचतो आणि कुलपाचा फोटो काढून परत येतो. आम्ही, म्हणजे मी आणि माझी मावशी, बेत तसाच आखला होता: देवळं सकाळी लवकर आणि उतरत्या उन्हात, राजवाडा भर दुपारी, आणि मधल्या वेळात खाणं. मावशी निवृत्त शिक्षिका. हौसेने मोडी शिकलेली, आणि जेवणाच्या वेळेबाबत तडजोड न करणारी.

शुक्रवार

तंजावरला सोयीचा विमानतळ त्रिचीचा. तिथून तंजावर साठेक किलोमीटर. त्रिचीहून बस सारख्या सुटतात आणि दीड तासाच्या आसपास पोचवतात, त्यामुळे टॅक्सीवर पैसे घालवायचं कारण नाही. एवढंच की बाहेरगावच्या बऱ्याच बस नव्या स्टँडला सोडतात आणि तो गावाबाहेर आहे. तिथे रिक्षावाले घेरतात. आम्हाला पहिल्याने सांगितलेला आकडा ऐकून मावशी सरळ चालायलाच लागली. समोरच गावात जाणारी सिटी बस उभी होती, तिच्यात बसून जुन्या स्टँडला उतरलो. खोली याच भागात किंवा रेल्वे स्टेशनजवळ घ्यावी, म्हणजे मोठं देऊळ पायी गाठता येतं.

मोठं देऊळ म्हणजे बृहदीश्वर. तिथे त्याला ‘पेरिय कोविल’ म्हणतात, आणि रिक्षात तेच सांगितलेलं बरं. पहिल्या राजराज चोळाने बांधलेलं हे मंदिर १०१० साली पुरं झालं. आधी मराठ्यांच्या काळातला दरवाजा लागतो, मग केरळांतकन, मग राजराजन अशी एकामागोमाग गोपुरं. आपण दक्षिणेत प्रवेशाची गोपुरं उंच आणि गाभारा ठेंगणा बघून सरावलेले असतो. इथे उलट आहे. गोपुरं बेताची, आणि गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, मात्र २०० फुटांच्या वर गेलेलं, तेरा मजल्यांचं, सगळं ग्रॅनाइटचं. आजूबाजूला कावेरीची सपाट भातशेती, डोंगर नाही की टेकडी नाही. एवढा दगड दुरून ओढत आणला असणार हे लक्षात आलं की मग ती उंची खरी कळते.

संध्याकाळी पाचनंतर जावं. उतरत्या उन्हात दगड आधी मधासारखा पिवळा दिसतो, मग तांबूस. गावातली माणसंही याच वेळी येतात. पोरं हिरवळीवर लोळत असतात, म्हाताऱ्या भिंतीला टेकून गप्पा मारतात. जागतिक वारशाच्या यादीत १९८७ पासून असलेल्या जागी लोकांनी इतकं घरच्यासारखं बसावं, हे मला फार आवडलं.

एक गाइड एका कुटुंबाला सांगत होता की या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. ही गोष्ट पुस्तकांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहे. तो हे सांगत असताना आम्ही सगळे त्याच सावलीत उभे होतो. कुणीच काही बोललं नाही. त्यालाही पोट आहे.

रात्री खाण्याचा शोध आवाजावरून घ्यावा. लोखंडी तव्यावर दोन पात्यांचा खणखणाट ऐकू आला की समजायचं कोत्तु परोटा चाललाय: परोट्याचे तुकडे, कांदा, अंडं, सालना (मसालेदार पातळ रस्सा), सगळं तव्यावरच कुटून एकजीव करतात. तिखट असतो आणि गरमच खावा लागतो. मावशी अंडं खात नाही, म्हणून तिच्यासाठी शेजारच्या शाकाहारी हॉटेलात रवा डोसा. हा डोसा जाळीदार, कडेला काळपट होईपर्यंत भाजलेला हवा. पांढरा आला तर परत पाठवावा, कुणी राग धरत नाही.

शनिवार

सकाळी सहाला देऊळ उघडतं. सात वाजेपर्यंत गर्दी नसते, फरशी गार असते. पायमोजे मात्र पिशवीत ठेवावेत. दहानंतर त्यांचं महत्त्व कळतं.

नंदी बघून बहुतेक लोक गाभाऱ्याकडे वळतात. हा नंदी एका दगडातला आणि भव्य असला तरी चोळांच्या काळचा नाही, नंतरच्या नायक घराण्याच्या राजवटीतला आहे. मी म्हणेन, दर्शन झालं की घाई न करता विमानाच्या जोत्याभोवती फिरा. तिथे खालपासून तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. वाचता येत नसली तरी त्यांत काय आहे ते माहीत असावं. राजराजाने देवळाला काय काय दिलं, दागिने किती, दिव्यांसाठी तूप कुठून यायचं, आणि नृत्यसेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं: कोण कुठल्या देवळातून आली आणि तिला कुठल्या ओळीतलं कितवं घर दिलं, इथपर्यंत. हजार वर्षांपूर्वीचा पत्ता, दगडावर. राजाच्या विजयाच्या बढायांपेक्षा ही घरांची यादी मला जास्त भारी वाटली.

गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या मार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. त्यांच्यावर नायक काळात दुसरी चित्रं काढली गेली होती. खालची चित्रं १९३१ मध्ये उजेडात आली. तो मार्ग सर्वसामान्यांना खुला नाही. त्यांची छायाचित्रं आवारातल्या माहिती केंद्रात लावली आहेत, ती चुकवू नका.

मग नैर्ऋत्य कोपरा. मराठी माणूस इथे मुद्दाम येतो आणि आल्यावर थोडा गोंधळतो. भिंतीवर देवनागरीत, मराठीत, लांबच लांब मजकूर कोरलेला आहे: भोसले वंशाचं चरित्र. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली ते कोरून घेतलं, लिहिलं बाबुराव चिटणीस यांनी. अक्षर सुबक आहे, पण शब्दांमध्ये जागा नाही, विराम नाहीत, आणि काही ओळी डोक्याच्या बऱ्याच वर. मावशी चष्मा बदलून बदलून वाचत होती. सापडलेला प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत होती. “अगं, महाराज म्हटलंय बघ इथे!” तिचा आवाज ऐकून दोन माणसं थांबली. त्यांतले एक आजोबा आमच्याशी मराठीत बोलायला लागले. त्यांची मराठी आमच्यापेक्षा जुनी, तमिळ हेलाची, आणि मधूनच एखादा आख्खा तमिळ शब्द घेऊन पुढे जाणारी. त्यांना लिपी मात्र येत नव्हती. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, लिहितात तमिळमध्ये. मावशीने त्यांना चार ओळी वाचून दाखवल्या आणि त्यांनी तिला त्या समजावून सांगितल्या, कारण काही जुने शब्द तिला अडत होते आणि त्यांच्या घरात ते रोजचे होते.

न्याहारी नऊच्या आत. वेन पोंगल (तांदूळ-मूगडाळीची मऊ खिचडी), वर तूप, मिरी दाताखाली येणारी, सोबत मेदुवडा. तंजावर-कुंभकोणम भागात ‘कडप्पा’ नावाचा एक प्रकार मिळतो, त्याची चौकशी जरूर करा: मुगाची डाळ आणि बटाट्याचा पातळसर रस्सा, खोबरं आणि बडीशेप वाटून घातलेला, इडली-डोशाबरोबर. रोज सगळीकडे नसतो. कॉफी डवरा-टंबलरमध्येच, म्हणजे वाटीत ठेवलेल्या धातूच्या पेल्यातच येते. कपात मागितली तर तुम्ही परके ठरता.

राजवाडा पायी वीसेक मिनिटांवर आहे. अपेक्षा थोडी खाली ठेवूनच जावं. मूळ बांधकाम नायकांचं. व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, १६७० च्या दशकात इथे आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी इथे राहिली. आज काही भागांची डागडुजी झाली आहे, काही भागांत कबुतरं नांदतात. एकच मोठा, सलग राजवाडा नाही. चौक, मनोरे, कचेऱ्या, वेगवेगळी तिकिटं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मराठा दरबार हॉलमध्ये रंगीत खांब आणि छत आहे. चित्रांचे रंग भडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. घंटेच्या मनोऱ्यावर चढू देत असतील तर चढा, वरून देवळाचं विमान गावातल्या सगळ्या टाक्या-अँटेनांच्या वर उठलेलं दिसतं. एका मनोऱ्यात तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे. का आहे, असं विचारू नये.

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि नायक दरबारातलं कलादालन बघा. तिथे चोळांचे कांस्यपुतळे आहेत. एक शंकर तिरुवेंकाडूहून आलेला, सुमारे १०११ सालचा: वृषवाहन. नंदीच्या पाठीवर हात टेकून, एक पाय दुसऱ्यापुढे घेऊन उभा. नंदी मिळालेला नाही. त्यामुळे देवाचा हात हवेतच टेकलेला आहे, आणि तरीही त्या हाताखाली काहीतरी भार पेलणारं आहे असं वाटत राहतं. डोक्याला केसांचाच फेटा गुंडाळलेला, ओठांच्या कोपऱ्यात हसू. शेजारी पार्वती. मी तिथे बराच वेळ होते. मावशी घड्याळ दाखवायला लागली तेव्हा एक वाजला होता.

जेवण केळीच्या पानावर. तिथे सापडेल त्या साध्या ‘मील्स’वाल्या खानावळीत जावं, जिथे दुकानदार आणि कचेरीतली माणसं जेवतात. पान धुवायला पाणी शिंपडतात, ते आपणच हाताने पुसायचं. भात तीनदा येतो: आधी सांबाराबरोबर, मग रसमबरोबर, शेवटी ताकाबरोबर. पहिल्याच फेरीत पोट भरणारा माणूस नवखा. कूटू (डाळ घातलेली भाजी) आणि पोरियल (सुकी भाजी) हवं तितकं वाढतात. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं.

सांबाराची गोष्ट इथे निघणारच. तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, म्हणून आमटीत चिंच घातली, त्या दिवशी संभाजीराजे पाहुणे होते, आणि त्यांच्या नावावरून पदार्थाला नाव पडलं. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगतात. गोष्ट झकास आहे, पुरावा कुणी दाखवत नाही. वाढणाऱ्या माणसाला मावशीने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, तर तो म्हणाला सांबार आमच्या आजीचं, आणि आणखी वाढून गेला.

खाण्याचा खरा कागदोपत्री पुरावा राजवाड्यातच आहे. दुपारी आम्ही सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात गेलो. मूळ संग्रह नायकांच्या काळापासूनचा. त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी (कारकीर्द १७९८ ते १८३२). ताडपत्रं, कागदी पोथ्या, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, आणि मोडीतले दप्तराचे ढीग. अभ्यासकांसाठीचा भाग वेगळा, आपल्याला संग्रहालयाचं दालन बघता येतं. तिथे घोड्यांविषयी आणि हत्तींविषयी सचित्र पोथ्या आहेत. शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची, माणसांच्या चेहऱ्यांत जनावरांचे चेहरे दाखवणारी चित्रं आहेत. मी सर्वांत जास्त हसले ती इथे, कारण प्रत्येक चेहऱ्याचा एक नातेवाईक मला आहे.

१७९९ च्या तहाने सरफोजींचा राज्यकारभार कंपनीकडे गेला. हातात उरला तंजावरचा किल्ला आणि पेन्शन. राज्य नसलेला राजा काय करतो, याचं उत्तर या खोल्यांत आहे. त्यांनी पुस्तकं जमवली, १८२० च्या काशीयात्रेतून पोथ्या आणल्या, देवनागरी छापखाना काढून १८०६ मध्ये इसपच्या गोष्टी मराठीत छापल्या, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या आधीचे शहाजीराजे (व्यंकोजींचे पुत्र) तर मराठीबरोबर तेलुगूतही नाटकं लिहीत. महाराष्ट्रातून जाणारे आपण ‘आपल्या लोकांनी काय बांधलं’ हे शोधत फिरतो आणि थोडे हिरमुसतो, कारण मोठं देऊळ चोळांचं, वाडा नायकांचा. भोसल्यांनी इथलं गाणं, नाच, भाषा, पोथ्या आपल्या मानून सांभाळल्या. त्यांचा मोठेपणा मला तिथे दिसला. एखाद्या किल्ल्यात तो दिसेलच असं नाही.

ग्रंथालयाचं स्वतःचं प्रकाशन आहे, आणि विक्रीच्या टेबलावर ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मागून बघावं: सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं हस्तलिखित, छापलेलं. मावशीने तिथल्या तिथे घेतलं आणि रात्री खोलीत मला झोपू दिलं नाही. प्रमाणं जुन्या वजनांत आहेत, तेव्हा घरी करून बघणाऱ्यांनी जिभेवर भरवसा ठेवावा.

रविवार

आज टॅक्सी केली, कारण तिरुवैयारू, स्वामीमलै, दारासुरम आणि कुंभकोणम हे सगळं बसने एका दिवसात दमछाक करतं. सहाला निघालो.

तिरुवैयारू तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठी. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज (१७६७ ते १८४७) यांची समाधी इथे आहे. सरफोजींनी दरबारात बोलावलं आणि त्यागराजांनी नकार दिला, असं परंपरा सांगते. समाधीची वास्तू बंगलोर नागरत्नम्मा यांनी १९२० च्या दशकात स्वतःच्या पैशांनी उभारली. त्या देवदासी परंपरेतल्या गायिका, आणि त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या आराधनेत बायकांना गायला बंदी होती. ती उठावी म्हणून त्या भांडल्या. सकाळी तिथे कुणी नव्हतं. नदीला पाणी जेमतेम होतं. मावशीने हळू आवाजात एक अभंग म्हटला. ते अस्थानी नव्हतं: तमिळ मुलखातली हरिकथा आपल्या कीर्तनकारांचं ऐकूनच घडली, आणि अजूनही तिच्यात साकी, दिंडी, अभंग असतात.

देवळाजवळच्या जुन्या दुकानांत अशोका हलवा घ्या. मूगडाळीचा, तुपात निथळणारा, केशरी रंगाचा. पानाच्या तुकड्यावर गरम देतात आणि बरोबर थोडा चिवडा, गोड उतरायला. सकाळी आठ वाजता हे खाणं शहाणपणाचं नाही, तरी खाल्लं.

स्वामीमलैला देवळापेक्षा ओतकाम बघायला थांबलो. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती लिंपायची, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. कालच्या शंकराचीही रीत हीच. प्रमाणं मोजायला अजून नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून वापरतात. कारखान्यात आत बोलावतात, विकत घ्यायचा आग्रह होतो. घ्यायचं नसेल तर आधीच सांगून टाकावं, दाखवतात तरीही.

दारासुरमचं ऐरावतेश्वर दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं. तंजावरला मान वर करून बघायचं, इथे वाकून. पुढचा मंडप रथासारखा, चाकं आणि घोड्यांसकट. जोत्यावर तळहाताएवढ्या चौकटींत शिवभक्त नायनमारांच्या कथा. एका ठिकाणी बैल आणि हत्ती यांचं डोकं एकच आहे: एक बाजू झाकली की बैल, दुसरी झाकली की हत्ती. प्रवेशाजवळच्या दगडी पायऱ्यांवर आघात केला की निरनिराळे स्वर निघतात म्हणतात. त्यांना आता जाळी आहे, आणि ती असावीच. मला तंजावरपेक्षा हे देऊळ जवळचं वाटलं. मावशीला मुळीच पटलं नाही. तिचं मत, लहान गोष्टी घरी असतात, प्रवासाला मोठंच बघायला जायचं.

कुंभकोणमला जेवण, मग कॉफी. दुधात पाणी नको आणि डिकॉक्शन पहिल्या उताराचं हवं, एवढं साधं गणित आहे, पण हायवेवर पितळी डवऱ्यांची पाटी लावलेल्या दुकानांत ते जमतंच असं नाही. देवळांच्या गल्ल्यांतल्या जुन्या कॉफी क्लबात प्या. जाताना विड्याची पानं घ्या, इथली नाजूक असतात.

सोमवार

गाडी दुपारची होती. शिवगंगा बागेतलं श्वार्ट्झ चर्च १७७९ सालचं आहे. बऱ्याच माहितीपत्रकांत ते सरफोजींनी बांधलं असं छापतात. सरफोजींचा जन्म १७७७ चा, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. श्वार्ट्झ हे त्यांचे पाळकगुरू. आत जॉन फ्लॅक्समनने घडवलेला संगमरवरी शिल्पपट आहे: गुरू मृत्युशय्येवर, राजा त्यांचा हात धरून. चर्च बहुधा बंद असतं, राखणदाराला शोधावं लागतं.

खरेदीत तंजावर चित्रं, तांब्या-चांदीच्या उठावाची ताटं आणि मान डोलावणाऱ्या बाहुल्या, तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चित्र घेताना सोन्याचा वर्ख खरा का, ते विचारा. नकली वर्ख काही वर्षांत काळा पडतो. भाव बघण्यासाठी आधी सरकारी ‘पूंपुहार’मध्ये डोकवा, मग बाजारात जा.

कधी जावं म्हणाल, तर जानेवारी-फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा असतो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडवत नाही. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला त्यागराज आराधना असते. शेकडो गायक एकत्र बसून त्यागराजांच्या पाच ‘पंचरत्न’ कृती गातात. ती ऐकायची असेल तर खोली बरीच आधी ठरवा, आणि ऐकायची नसेल तर तो आठवडा टाळा.